भक्तीचा नंबर लागला

आता हे जे सांगणार आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बसावा अशी माझीही फारशी इच्छा नाही, कारण लगेच विश्वास ठेवणाऱ्या माणसाला काही सांगण्यात मजा नसते. पण वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी मी आमच्या वालूरच्या शेतात पाखरं राखायच्या माळ्यावर चढलो, की मला देवगाव फाट्यावर थांबलेल्या एसटीची पाटी वाचता येते. मधे किती कोस पडतात ते विचारू नका. गाडी उभी असेल तर पाटी, आणि चालती असेल तर कंडक्टर कुणावर खेकसतोय तेसुद्धा.

ही नजर आमच्या घराण्याची. निजामाच्या अमदानीत मोजणीवाला साहेब गावात आला, तेव्हा त्याची दुर्बीण बैलगाडीतून पडून फुटली. साहेब रडायच्या घाईला आला. शेवटी त्यानं माझ्या आजोबांना टेकाडावर उभं केलं आणि अख्ख्या शिवाराची मोजणी त्यांच्या डोळ्यांनी उरकली. आजोबा बोट दाखवतील तिथं दगड रोवायचा. त्यातला एक दगड शेजारच्या सटवाजीच्या रानात दीड हात आत गेला, आणि त्यावरून गेल्या साली सटवाजीचं नि माझं कडाक्याचं भांडण झालं.

सटवाजी अजून बोलत नाही. त्या रविवारी सकाळी मी शेतात पोचलो, तर हा गडी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पार टोकाला उभा. आठ दिवस झाले, रोज उभा. दोन्ही हात पसरून. म्हणजे इथून तिथपर्यंत माझं. "राम राम, सटवाजी!" मी रोज ओरडतो. आपण मोठं मन दाखवावं. उत्तर नाही. बाकी सगळं अंग वाकलं की माणूस मान तेवढी ताठ ठेवतो. मीही सोडत नाही. त्याच्या मिशीचा केस न् केस मला इथून दिसतो; राग उतरला की आधी मला कळेल.

असो. त्या दिवशी शेतात हुरडा होता, आणि हुरड्याचं कारण माझी नात भक्ती.

आमच्याकडं 'लागणं' हा शब्द फार राबवला जातो. ठेच लागते, भूक लागते, भूत लागतं, दृष्ट लागते, रेशनला नंबर लागतो. अलीकडं चष्मा लागतो. एकाच शब्दावर इतकी ओझी टाकली की तोही कधीतरी दमतो आणि चुकीच्या घरी जाऊन टेकतो. बुधवारी तसंच झालं.

बुधवारी माझी सून निकिता भक्तीला घेऊन परभणीला गेली होती. कशाला, तर 'जरा काम आहे' एवढंच. परतताना तिनं फाट्यावरून नवऱ्याला, म्हणजे माझ्या थोरल्या महारुद्रला फोन केला. महारुद्र ट्रॅक्टरवर. त्या धडधडीत त्याला तीन शब्द ऐकू आले, "भक्तीचा नंबर लागला." ट्रॅक्टर बंद करून पुढचं ऐकायचं सोडून त्यानं फोनच बंद केला, आणि ट्रॅक्टर तसाच गावात घेऊन गेला.

त्याचंही चुकलं नाही. माझा धाकटा राम परभणीत असतो. तिथं त्यानं एक निवासी क्लास हुडकला होता. चौथीतल्या लेकरांना वर्षभर आत ठेवून नवोदयच्या परीक्षेला तयार करणारा. भक्तीनं तिथं चाचणी दिली होती आणि तिची यादी त्याच आठवड्यात लागणार होती. तेव्हा नंबर म्हणजे दुसरा कुठला? निकिता घरी पोचेपर्यंत गल्लीत पेढे वाटून झाले होते, चुडाव्याला माझ्या थोरल्या बहिणीला, धुरपताआक्काला, फोन गेला होता, रविवारचा हुरडा ठरला होता आणि सोमवारी पोरगी क्लासला पोचवायची हेही ठरलं होतं. उंबऱ्यातच निकिताच्या तोंडात पेढा कोंबला गेला. त्या पेढ्यामागं जो शब्द अडकला तो चार दिवस बाहेर आला नाही.

*

अकराच्या सुमाराला आगटी चांगली पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली, पोत्यावर निकिता गरम कणीस हातानं चोळतेय, दाणे हिरवेगार. चुडाव्याहून पहाटेची गाडी धरून आलेली आक्का चटणीजवळची जागा पकडून बसली होती. माझी बायको कमल आज असती तर तिनं ती जागा आक्काला मिळू दिली नसती.

"निकिता, माजा निळा सदरा सापडला का गं?" मी विचारलं.

"न्हाई आबा. बगते," ती म्हणाली. मान वर केली नाही. चार दिवस ती अशीच होती. विचारलं की हूं, सांगितलं की हूं. थकवा हातात दिसतो माणसाच्या. कणीस चोळताना तिची बोटं मधेच थांबत होती.

नागसेन मास्तर बोरं निवडत बसला होता. गावातल्या सितारामचा हा पोरगा, शाळेत महारुद्रच्या बाकावरचा. आता आमच्याच शाळेत मास्तर आहे, भक्तीचा वर्ग त्याच्याकडं.

रामची मोटारसायकल मी वळणावरच ओळखली. नजरेनंच; फटफटीचा आवाज आला तो नंतर.

राम आला, चप्पल काढली आणि दोन वस्तू पोत्यावर ठेवल्या. एक कागद आणि एक डबी.

"घ्या, दोन्हीबी घिऊन आलाव. हा क्लासचा फॉर्म, दादाची सही पायजे. आन् हा चष्मा."

"कुणाचा चष्मा?" महारुद्रनं विचारलं.

"भक्तीचा. वहिनीनं बुधवारी बनवायला टाकला व्हता की. साडेतीनचा नंबर हाय म्हणला दुकानदार."

सगळ्यांचे हात थांबले. महारुद्र एकदा डबीकडं, एकदा बायकोकडं बघत राहिला.

"म्हंजी... नंबर... ते नंबर व्हता व्हय?"

"तुमी फोन ठिवला," निकिता म्हणाली. "मी वरडायले, चष्म्याचा, चष्म्याचा. सगळी एसटी ऐकायली, तुमी सोडून."

"मग चार दिस कामून गप बसलीस?"

"पेढा व्हता तोंडात."

मास्तरला हसू आलं, ते त्यानं बोराबरोबर गिळलं. रामनं घाईनं मधे हात घातला. "आरं, पर क्लासचाबी लागलाय की! यादीत नाव हाय तिचं. दोन्ही नंबर लागले, दादा."

"किती लेकरं बसली व्हती चाचणीला?" मास्तरनं विचारलं.

"साठ."

"घेतली किती?"

राम जरा वेळ फॉर्मची घडी नीट करत बसला. "साठ," तो म्हणाला.

भक्तीनं ह्या सगळ्यात कुणाला न विचारता डबी उघडली होती. तिनं चष्मा घातला. आधी स्वतःचे पाय पाहिले, मग आगटी, मग मान वर करून चिंचेच्या झाडाकडं पाहत राहिली.

"आई," ती म्हणाली, "झाडाला पानं सुटी सुटी असत्यात?"

निकितानं पदर तोंडाला लावला. कुणी काही बोलायच्या आत पोरगी उठली, माळ्याची शिडी चढली आणि वर जाऊन उभी राहिली. एका दिशेला तोंड करून बघायची, मग दुसऱ्या. खाली आम्ही आहोत हे ती विसरली.

*

"माय गे! पोरीच्या जातीला चष्मा!" आक्कानं कपाळाला हात लावला. "कुणाची दृष्ट लागली माज्या बाईला? पेढे वाटताना झाकून वाटावं की न्हाई रुद्रा?"

आणि कुणी थांबवायच्या आत तिनं चटणीजवळच्या सात लाल मिरच्या उचलल्या, मीठ घेतलं, माळ्याच्या दिशेनं तीनदा ओवाळलं आणि मूठ आगटीत मोकळी केली.

पुढचा पाव तास आमच्यात बोलणं झालं नाही. खोकलाच झाला. रामच्या नाकाडोळ्यांतून पाणी, मास्तर पार ज्वारीत जाऊन शिंकतोय, आणि आगटीतल्या कणसांना असा वास लागला की कुत्र्यानंही तोंड फिरवलं.

"आत्याबाई," परत येत मास्तर म्हणाला, "दृष्ट असली की मिरचीचा ठसका येत न्हाई म्हणत्यात ना? इथं तर समद्यांला आला. म्हंजी दृष्ट न्हाई."

आक्का विचारात पडली. शास्त्र तिचंच होतं, मोडता येईना. तिनं नाक पुसलं, आणि मग तिची नजर हळूहळू निकितावर जाऊन बसली.

"मग रक्त हाय," ती म्हणाली. "तुज्या बापाचा चष्मा केवढाय गं? बाटलीच्या बुडाएवढा. सोयरीक जमली तवाच मी म्हणले व्हते, माणूस चांगलाय पर काचंतून बगतंय."

निकिता सेलूची. तिचे वडील तहसिलात कारकून होते, उभा जन्म कागदात नाक घालून गेला. तिच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मी सांगतो. मला कसं कळलं ते विचारू नका, सुनेच्या मनातलं कळायला सासऱ्याला वीस वर्षं पुरतात, मला बारा पुरली. तिच्या मनात राग नव्हता. राग यायला अंगात बळ लागतं. ती मोजत होती. भक्तीला ताप आला, तुझ्या माहेरचं अंग नाजूक. भक्ती सावळी, तुझ्या आईसारखी. भक्ती हुशार निघाली, तेव्हा मात्र आमच्यावर गेली. आता डोळे. ह्या घरात पोरीचं जे मोडलं ते तिच्या माहेरचं आणि जे टिकलं ते आमचं. तिला वाटलं, म्हणू द्या. म्हणून एकदाचं संपत असेल तर म्हणू द्या. पण संपणार नव्हतं. उद्या सोमवार होता.

"आपल्यात हाय का कुणाला?" आक्का तावात आली होती. "सांग की बन्सी. आपल्या बापाला व्हता? आज्याला व्हता?"

"आज्याला?" मी म्हणालो. "आज्याच्या डोळ्यावर निजामानं..."

"त्ये दुर्बिणीचं ऱ्हाऊ दे. तू सांग."

"न्हाई," मी म्हणालो. धूर डोळ्यांत जात होता. "आपल्यात न्हाई."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. आता तिच्या मनात काय आलं तेही सांगितलं पाहिजे, पण आधीच बजावतो, आक्का मनातल्या मनातसुद्धा खोटं बोलते. तिला म्हणे आठवत होता हाच माळा, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा. मी गोफण घेऊन उभा, आणि ती माझ्या मागं, पदराआडून कुजबुजायलीय, 'डावीकडं, बन्सी. आजून डावीकडं. चिंचंच्या बुडाला. हाण.' आणि मी हाणायचो. पाखरं उठायची. गावात नाव व्हायचं, बन्सीची नजर घारीची. तिला म्हणे हेही आठवत होतं, की तिसरीत मास्तरनं फळ्यावर लिहिलेलं मला वाचायला सांगितलं, मी भलतंच वाचलं, मास्तरनं पाठीवर पट्टी मोडली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी शाळेऐवजी रानात गेलो तो गेलोच. बघा म्हणजे. म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात काय काय येतं.

पण एक खरं, की त्यानंतर ती निकिताला काही बोलली नाही. हुरड्याची एक मूठ उचलली, निवडली, आणि निकितापुढं ठेवली. "खा," म्हणाली. एवढंच.

*

"रक्त-बिक्त मी आडवत न्हाई," मास्तर म्हणाला. खिशातून त्यानं वही काढली. हा गडी सगळं वहीत लिहितो. "पर हे ऐक रुद्रा. आपण शाळेत व्हताव तवा चष्मा किती जणांला व्हता?"

"हेडमास्तरला."

"बस. आख्ख्या शाळेत एक. आता माज्या चौथीच्या वर्गात चौतीस लेकरं, त्यात अकरा चष्मे. मागच्या साली सात व्हते. भक्तीचं मलाबी उशिरा कळलं. ती फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरून घ्यायची, मी उगं कॉपी म्हणून रागावलाव. ह्या अकरांपैकी तिघांच्याच माय-बापाला चष्मा हाय. बाकीच्यांला कुणाच्या सासऱ्याचं रक्त आलं?"

"मग एकाचं एकाला लागून लागलंय!" आक्का दचकली. "डोळे येत्यात तसं. रामा, ती डबी परत उगं हातात घिऊ नको."

"त्याचं तसं न्हाई आत्या. लागतंय ते खोलीचं लागतंय." मास्तरनं एक बोर उचललं. "शाळेत तपासायला आलेले डॉक्टर म्हणले, लेकराचा डोळा वाढीला असतो. त्याला उजेड पायजे, लांबचं बगायला पायजे. सकाळी शिकवणी, दुपारी शाळा, सांजंला मोबाईल. समदं हातभर अंतरावर. मग डोळ्याचा गोळा मागं लांबत जातो. बोरावानी असायचा तो खारकंवानी व्हतो. लांबचं धूसर दिसतंय आन् नंबर वाढत जातो."

"मग रक्त कुठं गेलं?" रामनं विचारलं.

"हाय की. बी असतंय काही घरात. पर हे उलटं पीक हाय, रामा. उन्हात खुजं ऱ्हातंय आन् सावलीत वाढतंय. ज्याचा जलम रानात गेला त्याचं बोटभर उगवतंय, कळतबी न्हाई. ज्याला खोलीत कोंडलं त्याचं कमरंएवढं."

मग निकिता बोलली. त्या दिवसात पहिल्यांदाच ती नवऱ्याकडं तोंड करून बोलली, पण आवाज चढवला नाही. तिला तो चढवायचा कंटाळा आला होता.

"मी बुधवारी तो क्लास बगून आले. तुमी कुणीच बगितला न्हाई. खिडक्याच्या काचांला पांढरा रंग मारलाय. सरला म्हणले, हे कामून? तर म्हणले, लेकरांचं ध्यान बाहीर जाऊ ने. पाचला उठायचं, दहाला झोपायचं, मधी ट्यूबलाइट. खेळायला जागा हाय का म्हणले तर जिना दाखवला. आन् डॉक्टर म्हणले, रोज दोन घंटे उघड्यावर ठिवा हिला. हाय तो नंबर उतरत न्हाई, पर वाढायचा तरी दमानं वाढंल. दहा वर्साच्या लेकराला साडेतीन म्हंजी लय हाय, असं म्हणले. मी दोन्ही ऐकून आले. आता तुमी सांगा, कुठं पाठवायचं."

राम फॉर्मकडं बघत होता. "मला सांगितलं व्हतं हवेशीर हाय म्हणून," तो पुटपुटला. म्हणजे राम गळाला. राहिला महारुद्र.

माझ्या ह्या पोरावर कुणी चिडू नका. बारावीला दोन मार्कांनी त्याचं कृषी कॉलेज गेलं, तेव्हापासून तो त्याच दोन मार्कांच्या शोधात आहे. चुलत-मावस सगळ्यांची पोरं कुठं ना कुठं क्लासला गेली. त्याच्या मनात एकच चित्र होतं: भक्ती मोठी झाली आहे आणि ह्याच माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायलीय. त्या चित्राला तो भ्यायचा. आता माळ्यावर ती खरीच उभी होती, म्हणून तो तिकडं बघत नव्हता.

"मला काय हौस हाय का तिला लांब ठिवायची?" तो म्हणाला. "मी बेजार झालाव ओ समद्यांचं ऐकून. मास्तर म्हणतो ठिव, राम म्हणतो पाठव, ही चार दिस गप. मास्तर, तुजं बी-फी मला पटत न्हाई. आमच्या घरात ते बीच न्हाई. हिच्या माहेरचं असंल तर कुठंबी उगवंल, इथं काय न् तिथं काय, मग क्लासला कामून दोष देता? आमच्यात कुणी असतं, जलमभर रानात ऱ्हाऊन ज्याचं बोटभरच ऱ्हायलं असतं, तर मानलं असतं. एक माणूस दाखव. एक. हा फॉर्म इथंच आगटीत टाकतो."

त्यानं फॉर्म उचलून हातात धरला. खिशाचा पेनही काढला.

"आमच्या घरातली नजर बगायची का तुला? हे आबा बग. सत्याहत्तर सरलं. गल्लीतल्या समद्या बाया सुई ओवून घ्यायला आबाकडं येत्यात. चष्मा न्हाई, काई न्हाई, पेपर वाचतेत."

मास्तरनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आबा," तो हळूच म्हणाला, "सुई किती लांब धरता?"

"नाकाशी."

"आन् पेपर?"

"तोबी."

मास्तरनं वही उघडली आणि मिटली. वडीलधाऱ्या माणसाची चूक तो वहीत लिहील, तोंडावर म्हणणार नाही. त्यानं नजर खाली घातली. आक्का राखेत काडीनं रेघा ओढत होती. निकिता पोत्यावरचे दाणे एका बाजूला सारत होती, जणू जेवण संपलं. आणि महारुद्रनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला उभं केलं.

"सांगा ह्याला, आबा. त्या टोकाला, धुऱ्यावर, काय दिसायलंय?"

आता मी तुम्हाला एक सांगू का? मी दमलो होतो. साठ-पासष्ट वर्षं डोळे बारीक करून जगायचं, माणूस चालीवरून ओळखायचा, खोकल्यावरून नाव घ्यायचं, लांबून कुणी हात केला की कोण आहे हे न कळता आपणही हात करायचा, आणि जे दिसत नाही तिथं काहीतरी मनानं उभं करून चारचौघांना खुशाल सांगायचं, म्हणजे ते हसतात आणि आपण सुटतो. हे सोपं काम नाही. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला असं करावं लागतं, असं ऐकून आहे. मला काय माहीत असणार.

एका शब्दाचं काम होतं. न्हाई दिसत, बाबा. पण बोलायला तोंड उघडलं आणि जिभेनं सवयीची वाट धरली.

"काय दिसायचंय?" मी कमरेवर हात ठेवून म्हणालो. "सटवाजी हाय की. आठ दिस झाले, हात पसरून उभाय. आत्ता तंबाखू थुकला बग. डाव्या मिशीला चुना लागलाय त्याच्या. आन् बग, बग, आपल्याकडं बगून हसायलाय! उतरला राग गड्याचा. राम राम, सटवाजी!"

मी हात उंच करून हलवला. महारुद्रचा माझ्या खांद्यावरचा हात सैल झाला.

"आबा," वरून आवाज आला.

भक्ती माळ्याच्या काठाला धरून वाकली होती. नव्या काचांवर ऊन पडलं होतं, एवढं मलाही दिसलं.

"आबा, सटवाजीआजोबा पुण्याला गेलेत, महिना झाला. ते बुजगावणं हाय. पप्पानं डुकरांसाठी हुबं केलंय. मडक्याचं डोकं हाय त्याला, मिशी न्हाई." ती थांबली, नीट पाहून खात्री केली. "आन् त्याच्या अंगात तुमचाच निळा सदरा हाय."

आगटीत एक गोवरी खचली. आक्का कितीतरी वर्षांनी सुटल्यासारखा लांब श्वास सोडून म्हणाली, "डावीकडं, बन्सी," आणि पदरानं डोळे पुसायला लागली. महारुद्र हातातल्या फॉर्मकडं बघत होता. मी धूर, ऊन, मिरची, काहीतरी म्हणणारच होतो.

पण पोरगी शिडीवरून दोन-दोन पायऱ्या उतरत होती, आणि उतरता उतरताच सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली,

"आबा, खोटं! तुमचाबी नंबर लागलाय!"